गोल्डमन पर्यावरण पुरस्कार: ‘हक्क’ शब्द खोडायला न लावता पैसे देणारं घराणं

२०१९ च्या मार्चमध्ये रात्री दीड वाजता मी लॅपटॉपवर बसून एका प्रपोजलमधून ‘हक्क’ हा शब्द शोधून शोधून काढत होते. तेवीस ठिकाणी होता. प्रत्येक ठिकाणी ‘उपजीविका’ टाकायचं. आमची संस्था छोटी, नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ भागातल्या पाड्यांवर सामूहिक वनहक्काचे दावे, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क मागणारे कागद, तयार करायला ग्रामसभांना मदत करते, आणि प्रपोजल लिहायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. एका मोठ्या उद्योगपती घराण्याच्या फाउंडेशनकडून फोन आला होता, बोलणारी मुलगी अगदी नम्र होती, म्हणाली मॅडम आमच्या ट्रस्टींना पर्यावरण खूप जवळचं आहे, पण हक्क वगैरे शब्द असले की फाइल पुढे सरकत नाही, तेवढं बघा ना. मी बघितलं. पैसे मिळाले, पण रोपं लावायला. दाव्यासाठी जंगलाची हद्द जीपीएसवर मोजायला एक रुपया नाही. ती मोजणी लोकांनी स्वतःच्या भाकऱ्या बांधून नेऊन केली, चार दिवस, उन्हात, एका जुन्या मोबाइलवर, आणि दर वळणावर कोणीतरी म्हातारं माणूस सांगायचं की इथून आमच्या आज्याच्या वेळची वाट जाते, हे लिहा.

हे आधी सांगितलं कारण मी गोल्डमन पुरस्काराकडे ह्याच चष्म्यातून बघते. ज्यांना फंडिंगच्या जगाशी काही देणंघेणं नाही त्यांना हा एक परदेशी पुरस्कार वाटेल, फोटो येतो, टाळ्या वाजतात, संपलं. पण देणाऱ्याच्या दारात फाइल घेऊन उभं राहिलेल्या माणसाला तो वेगळाच दिसतो, म्हणून हा रिव्ह्यू. पुरस्कार म्हणजे ग्रँट नव्हे हे मलाही कळतं, पण एखाद्या कुटुंबाने आपला पैसा माणसांच्या हक्कांसाठी आणि निसर्गासाठी कसा द्यावा ह्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात स्वच्छ नमुना हाच आहे.

थोडक्यात माहिती. सॅन फ्रान्सिस्कोचं रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन हे जोडपं. रिचर्ड ह्यांचा विम्याचा धंदा, आणि ऱ्होडा लिव्हाय स्ट्रॉसच्या घराण्यातली, म्हणजे आपण घालतो त्या जीन्सवाल्या घराण्यातली. १९५१ मध्ये दोघांनी घरचा फंड सुरू केला आणि १९८९ मध्ये हा पुरस्कार. गोष्ट अशी सांगतात की रिचर्ड सकाळी नाश्त्याला पेपरमध्ये नोबेलची बातमी वाचत होते आणि त्यांनी ऑफिसातल्या लोकांना विचारलं की पर्यावरणासाठी असं काही जगात आहे का शोधा, तर नव्हतं. पहिले पुरस्कार १९९० च्या एप्रिलमध्ये दिले, वसुंधरा दिनाच्या आसपास, आणि तेव्हापासून दरवर्षी साधारण सहा, जगाच्या सहा भागांतून एकेक. सुरुवातीला ६०,००० डॉलर होते, आता २ लाख. शिवाय ब्राँझची एक छोटी मूर्ती देतात, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. अर्ज करायचाच नाही. स्वतःचं नाव पाठवता येतच नाही, त्यांचं संस्थांचं आणि जाणकारांचं जाळं आहे, ते गुपचूप नावं सुचवतात, मग ज्युरी ठरवते. आणि मिळालेला पैसा कसा वापरायचा हे घेणाऱ्याने ठरवायचं. ज्याने कधी लॉगफ्रेम, म्हणजे कामाच्या उद्दिष्टांचा तक्ता, भरलाय, तिमाही रिपोर्ट दिलाय, सीएकडून युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा दाखला, आणायला तीन चकरा मारल्यात, आणि ‘बेनिफिशियरीचे हसरे फोटो पाठवा’ असा मेल वाचलाय, त्याला ह्याची किंमत कळेल. आमच्याकडे एकदा ग्रामसभेच्या बैठकीतल्या चहाच्या १८० रुपयांच्या बिलावर तीन मेल झाले होते, दुकानदाराचा जीएसटी नंबर नाही म्हणून. पाड्यावरच्या टपरीवाल्याकडे कुठला जीएसटी नंबर. तर इथे एक कुटुंब म्हणतंय की तुम्ही वीस वर्षं लढलात, पैशाचं काय करायचं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. हा विश्वास मी इतर कुठेच पाहिला नाही.

आणि त्या विश्वासाचं काय होतं हे भोपाळला दिसतं. २००४ मध्ये रशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला ह्या दोघींना मिळून पुरस्कार मिळाला. १९८४ च्या गॅसकांडातून वाचलेल्या बायका, एक मुसलमान एक हिंदू, १९८६ मध्ये स्टेशनरीच्या कारखान्यात कामावर भेटल्या, युनियन केली, १९८९ मध्ये बायकापोरांना घेऊन भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या. रक्कम होती १ लाख २५ हजार डॉलर. दोघींची घरची परिस्थिती काय होती हे लक्षात घ्या, घरात आजारपणं, आणि तरी तो पैसा त्यांनी चिंगारी ट्रस्टला लावला, गॅसग्रस्त आणि दूषित पाणी प्यायलेल्या कुटुंबांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांवर उपचार करायला. मी दोन वर्षांपूर्वी भोपाळला गेले होते तेव्हा तिथे जाऊन आले. फिजिओथेरपीच्या खोलीत एक सहा-सात वर्षांची मुलगी दोन समांतर दांड्यांना धरून चालत होती, आई दुसऱ्या टोकाला उकिडवी बसून हात पुढे करून बोलावत होती, तिसऱ्या पावलाला मुलगी थांबायची, आईकडे बघायची, परत एक पाऊल. पाच मिनिटं लागली टोकाला पोचायला. उपचाराचे पैसे घेत नाहीत. तिथे उभं असताना माझ्या डोक्यात एकच विचार, की ह्या खोलीसाठी कोणी प्रपोजल लिहिलं असतं तर ‘डाऊ केमिकलने जबाबदारी घ्यावी’ ह्या मागणीसकट (गॅसकांडवाली युनियन कार्बाइड पुढे डाऊनेच विकत घेतली) ते आपल्याकडच्या किती फाउंडेशननी पास केलं असतं.

आपल्या महाराष्ट्राचा ह्यात सुरुवातीच्या वर्षांपासून संबंध आहे. १९९२ मध्ये मेधा पाटकरांना हा पुरस्कार मिळाला, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे बुडणाऱ्या गावांसाठी. तेव्हा नंदुरबार जिल्हाही वेगळा नव्हता, धुळ्यातच होता, आणि मणिबेली हे महाराष्ट्रातलं नर्मदाकाठचं गाव पहिल्या बुडिताच्या तोंडावर होतं. त्याच वर्षी जूनमध्ये, धरणाला कर्ज देणाऱ्या वर्ल्ड बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला, पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींवर बँकेला चुकीचं ठरवणारा, आणि १९९३ च्या मार्चमध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. ह्याचं श्रेय पुरस्काराला द्यायचं नाही, ते लोकांच्या वर्षानुवर्षांच्या उभं राहण्याचं आहे. आणि धरण शेवटी झालंच, १३८.६८ मीटरपर्यंत, २०१७ मध्ये उद्घाटन झालं. पण ज्या काळात ह्या लोकांना इथे विकासविरोधी म्हणून हाकलत होते त्या काळात जगातल्या एका कुटुंबाने सांगितलं की नदी आणि माणूस हा एकच प्रश्न आहे, हे मोठं होतं.

बाकीचे काही विजेतेही आपल्याच आसपासचे आहेत. रायगडचे रमेश अग्रवाल, म्हणजे छत्तीसगडमधलं रायगड, २०१४. हा माणूस छोटा इंटरनेट कॅफे चालवायचा. गावातले लोक यायचे, तो त्यांच्यासाठी कागद शोधायचा, माहिती अधिकाराचे अर्ज टाकायचा, आणि त्यातून एका मोठ्या कोळसा खाणीची परवानगी २०१२ मध्ये हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टात, रद्द झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच्या कॅफेत घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या, पायाचं हाड गेलं. २०१७ मध्ये ओडिशाचे प्रफुल्ल सामंतरा, तिथल्या नियमगिरी डोंगरांसाठी. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. आमच्याकडे आजही कुठल्या पाड्यावर वनहक्काची बैठक असली की मी ही गोष्ट सांगते, बारापैकी बारा, आणि बायका आकडा परत विचारतात.

मग २०२४ ला आलोक शुक्ला, छत्तीसगडमधलं हसदेव अरण्य. २१ कोळसा खाणी रोखल्या, साडेचार लाख एकराच्या आसपास जंगल. हसदेवच्या लोकांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रायपूरपर्यंत ३०० किलोमीटर पदयात्रा काढली होती. पुरस्कारासोबत ते लोक प्रत्येक विजेत्यावर एक छोटा व्हिडिओ बनवतात, तो मी आमच्या एका पाड्यावर शाळेच्या भिंतीवर लावून दाखवला, भाषा कळायची गरजच पडली नाही, रस्त्यावर चालणारी माणसं दिसली की आमची माणसं पुढे सरकून बसली.

व्हिडिओ संपल्यावर आमचे एक काका, वनहक्क समितीचे जुने सदस्य, जे बोलले ते मला विसरता येत नाही. म्हणाले, ताई, एका माणसाला बोलावलं ते चांगलंच झालं, पण चालत तर एवढे होते, पोलिसांची केस त्यातल्या कोणाकोणावर असेल, त्यांचं नाव कोण घेईल. काका बरोबर बोलले. ह्या पुरस्काराची माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच. लढाई ग्रामसभेची असते आणि व्यासपीठावर एक माणूस. बहुतेक विजेते भाषणात सगळं श्रेय गावाला देतात, मनापासून देतात, तरी पेपरात एकाचाच फोटो येतो. भोपाळसारखं जोडीला दिलंय कधीकधी. पण अख्ख्या ग्रामसभेच्या नावाने एकदा तरी द्यावा, मूर्ती गावाच्या समाजमंदिरात राहू दे.

आणि दुसरी गोष्ट, जी लिहिताना मला त्रास होतोय. नाव झालं की माणूस सुरक्षित होतो असं आपण धरून चालतो. नायजेरियाचे केन सारो-विवा, ओगोनी लोकांच्या जमिनीवरच्या तेलाच्या प्रदूषणाविरुद्ध लढणारे, त्यांना १९९५ च्या एप्रिलमध्ये पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते तुरुंगात होते, आणि १० नोव्हेंबरला लष्करी सरकारने त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिली. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस, लेंका आदिवासी, ग्वालकार्के नदीवरचं आग्वा सार्का धरण अडवलं म्हणून २०१५ ला पुरस्कार, आणि वर्षभरात, २०१६ च्या मार्चमध्ये, रात्री घरात घुसून गोळ्या घातल्या. पुढे २०२१ मध्ये धरणाच्या कंपनीचा प्रमुखच ह्या खुनात दोषी ठरला. मेक्सिकोचे इसिद्रो बाल्देनेग्रो, जंगलतोडीविरुद्ध, २००५ चे विजेते, वडिलांचाही ह्याच कारणाने खून झालेला, त्यांना २०१७ च्या जानेवारीत मारलं. मी बेर्तांचं पुरस्काराच्या वेळचं भाषण पाहिलंय, स्पॅनिशमध्ये, फार लांब नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हयात होत्या. आता लावते आणि मध्येच बंद करते.

म्हणून पर्यावरणाला पैसे देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझं सांगणं आहे, गोल्डमनवाल्यांनाही आणि आपल्याकडच्यांनाही, की वकील, जामीन, प्रवास, काही महिने दुसऱ्या गावी राहायची सोय, ह्याला वेगळा पैसा ठेवा आणि तो लगेच मिळू दे. आमच्या भागात दोन तरुण कार्यकर्त्यांवर गेल्या वर्षी केस झाली, तारखेला जायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जाते. एका तारखेला माणशी हजारभर रुपये. रोपांच्या बजेटमधून ते देता येत नाहीत, दिले तर ऑडिटला अडकतं. ही गोष्ट कुठल्याच फॉरमॅटच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गोल्डमन घराण्याबद्दल अजून एक आवडलं ते सांगते. ऱ्होडा १९९६ ला गेल्या, रिचर्ड २०१० ला, आणि त्यांचा मोठा घरचा फंड २०१२ मध्ये ठरवून बंद केला, तोवर एकूण ६० कोटी डॉलरच्या वर देऊन झाले होते. पुरस्कार मात्र चालू ठेवला, त्याची वेगळी संस्था आहे, मुलं बघतात. पैसा साठवून त्याच्या व्याजावर थोडं थोडं देत बसण्यापेक्षा आत्ता देऊन टाका, हे धाडस आपल्याकडच्या घराण्यांनी करून बघावं असं मला फार वाटतं. कारण बाहेरचा रस्ता आपल्यासाठी जवळपास बंदच झालाय. २०२० च्या सप्टेंबरमध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, मोठ्या संस्थेने परदेशी पैशातून छोट्या संस्थेला द्यायचं हे पूर्ण थांबलं, ऑफिसखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडायचं. आमच्यासारख्यांना जे दोन-तीन लाख वर्षाला नाशिकच्या एका मोठ्या संस्थेमार्फत यायचे ते त्याच महिन्यात थांबले, एका सहकाऱ्याची नोकरी गेली, मोजणी करणारा सगळ्यात हुशार मुलगा होता तो. आता आशा असेल तर इथल्याच घराण्यांची, आणि त्यांना रोपं आवडतात.

रेटिंग द्यायचं तर ५ पैकी ४. एक गुण काकांच्या प्रश्नासाठी राखून ठेवलाय.

गेल्या महिन्यात आम्ही परत एका देशी फॅमिली फाउंडेशनला प्रपोजल पाठवलं. ह्यावेळी मी ‘सामूहिक वनहक्क’ पहिल्याच ओळीत लिहिलं, शीर्षकातही लिहिलं, आणि बजेटमध्ये ‘कोर्टाच्या तारखा, प्रवास व मजुरी, ४८ तारखा’ अशी सरळ ओळ टाकली. परवा फोन आला. तिथल्या मुलीने आधी विचारलं की मॅडम ही ४८ तारखांची ओळ काय आहे. मी सांगितलं, वीस मिनिटं सांगितलं. ती म्हणाली, मला हे पाड्यावर येऊन बघायचंय, पुढच्या गुरुवारी चालेल का. काकांना निरोप दिलाय.