स्ट्रीमिंग स्टिकचा रिव्ह्यू: मुलांना लगेच जमते, आईला का नाही?

टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावायची आणि इंटरनेटवरच्या मालिका-सिनेमे टीव्हीवर दाखवणारी ती छोटी स्टिक आम्ही घेतली त्याला आता बरेच महिने झाले, म्हणून म्हटलं नीट लिहावं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने या प्रकारच्या सगळ्याच स्टिकना लागू पडतं. पिक्चर क्वालिटी, आवाज, स्पीड यात काहीच तक्रार नाही, सेटअपही पटकन झाला. खरा प्रश्न वेगळा आहे. घरात तीन वयाची माणसं आहेत आणि तिघांना ही वस्तू तीन वेगळ्या वस्तू असल्यासारखी वाटते.

मुलीपासून सुरू करते. कार्यक्रमाला ठरलेली वेळ असते हेच तिला माहीत नाही. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून धरते, हवं ते बोलते आणि तोच एपिसोड पुन्हा पुन्हा बघते, मुलांना पुन्हा पुन्हा तेच बघायला आवडतं आणि टीव्हीवर ते कधीच शक्य नव्हतं. किड्स प्रोफाइल आणि पिन दोन्ही छान चालतात. पण ऑटोप्ले! एक एपिसोड संपायच्या आत पुढचा सुरू. नेटफ्लिक्सने हे २०१२ मध्ये आणलं आणि आता जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये आहे. आधी कार्यक्रम संपला की आपोआप उठणं व्हायचं, आता आईबापाला उठवावं लागतं आणि रोज त्यावरून रडारड. ऑटोप्ले बंद करायचं सेटिंग प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळ्या ठिकाणी, प्रत्येक प्रोफाइलला वेगळं. घेतल्या दिवशीच शोधून बंद करा, हे मी प्रत्येकाला सांगते.

आमच्या वयाच्या लोकांसाठी मात्र ही स्टिक म्हणजे सोय आहे, यात वाद नाही. वेळ चुकली की एपिसोड गेला हे दुखणं जुनंच, १९७५ मध्ये सोनीचा बीटामॅक्स हा व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आला तो घरी रेकॉर्ड करून नंतर बघता यावं म्हणूनच, पण त्यात टायमर लावा, कॅसेट शोधा ही सगळी कटकट होती. आता सगळी कामं आवरून रात्री कितीही वाजता बसा, जिथे सोडलं तिथूनच सुरू होतं. एक गोष्ट गेली ती म्हणजे काल काय झालं यावर सकाळी होणाऱ्या गप्पा. २०१२ पासून नेटफ्लिक्सने अख्खा सीझन एकाच दिवशी टाकायला सुरुवात केली तेव्हापासून कोणी दुसऱ्या एपिसोडवर, कोणी शेवटच्या, बोलायचं तर स्पॉयलरची भीती. म्हणून मला आठवड्याला एक एपिसोड देणारे प्लॅटफॉर्म जास्त आवडतात, डिस्ने प्लसने २०१९ ला आल्यापासून बऱ्याच मोठ्या मालिका तशाच दिल्या.

आता आईबद्दल, कारण हा रिव्ह्यू खरं तर तिच्यासाठीच लिहितेय. सत्तरी ओलांडलीय, व्हिडिओ कॉल स्वतः लावते, फोटो पाठवते, म्हणजे तिला मशीनची भीती वगैरे अजिबात नाही. पण या रिमोटवर आकडेच नाहीत. तिला चॅनेल नंबरने पाठ होते, अंधारातही बरोबर दाबायची. इथे एक गोल रिंग, मधे ओके, बस. टीव्ही लावला की आधी पोस्टरच्या रांगाच रांगा, मग अ‍ॅप निवडा, मग कोण बघतंय ते सांगा, मग कार्यक्रम निवडा, मग पुढून बघायचं की पहिल्यापासून. आधी टीव्ही लावला की काहीतरी चालूच असायचं, ती अर्ध्यातून येऊन बसायची आणि तिला ते चालायचं. आता आधी इतक्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मग बघायचं. त्यात मधेच एक अ‍ॅप आपोआप लॉगआउट होतं आणि फोनवर आलेला कोड मागतं, फोन माझा आणि मी घरी नाही, मग संध्याकाळभर टीव्ही बंद. मला याचा खरंच राग येतो. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

अमेरिकेत मे २०२५ मध्ये, कोण काय बघतं हे मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार, टीव्हीवर स्ट्रीमिंग बघण्याचा वेळ पहिल्यांदाच ब्रॉडकास्ट आणि केबल मिळून होणाऱ्या वेळेच्या पुढे गेला. म्हणजे सगळे इकडेच येणार आहेत, मग रिमोट आणि होमस्क्रीन फक्त तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून का बनवता? निवडायचा कंटाळा फक्त म्हाताऱ्यांना येतो असंही नाही. नेटफ्लिक्सने स्वतः २०२० मध्ये फ्रान्समध्ये ठरलेल्या वेळापत्रकाचं एक चॅनेल करून बघितलं होतं, कारण लोकांना नुसतं लावून बसायचं असतं. प्लूटो टीव्हीसारख्या फुकट सर्व्हिसेस त्यावरच चालतात, इंटरनेटवरून येणारे पण चोवीस तास आपापले चालू असणारे चॅनेल, मधे जाहिराती.

आम्हाला उपाय तिथेच सापडला. लाइव्ह चॅनेलचं अ‍ॅप होमस्क्रीनवर सगळ्यात पहिलं आणून ठेवलं, आता होम दाबायचं, ओके दाबायचं, काहीतरी सुरू. वर-खाली दाबलं की चॅनेल बदलतं. आई परत एकटी टीव्ही लावते. गाइडमधली, म्हणजे चॅनेलच्या यादीतली, अक्षरं मात्र फार बारीक आहेत आणि ती मोठी करायचं सेटिंग मला अजून मिळालेलं नाही, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

स्वतःसाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या, पाचपैकी साडेचार. लहान मुलं असतील तर चार, ऑटोप्ले बंद करण्याच्या अटीवर. आईवडिलांना भेट देणार असाल तर माझ्याकडून दोनच, आणि दिलीत तर एक दिवस त्यांच्याकडे राहून सगळी लॉगिन त्यांच्याच फोन नंबरवर करून द्या, जुना सेटटॉप बॉक्स दुसऱ्या पोर्टला तसाच राहू द्या.