टॅक की पीएफयू?

पाषाणला एमएस्सीचा प्रकल्प करणारी भाची काल विचारत होती, पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) टॅक घेऊ की पीएफयू? दोन्ही पॉलिमरेजं, म्हणजे डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) एकेक जोडत प्रत बनवणारी एन्झाइमं.

आधी चुकांचं. पेशीतली मुख्य पॉलिमरेजं चुकीचं अक्षर बसलं की एक पाऊल मागे येऊन ते खुडून काढतात. पीएफयूकडे ही तपासणी आहे, टॅककडे नाही. त्यामुळे टॅकच्या चुका कितीतरी पट जास्त. वेगात मात्र टॅक पुढे: १००० अक्षरांना साधारण १ मिनिट, पीएफयूला २. टॅक स्वस्तही पडतं.

जेलवर पट्टा उमटला की नाही, म्हणजे हवा तो तुकडा मिळाला की नाही, एवढंच बघायचं असेल, तर टॅक पुरे. जनुक क्लोन करून प्रथिन बनवायचं असेल, तर पीएफयूच. एका चुकलेल्या अक्षरापायी महिन्याची मेहनत वाया गेलेली मी भोगलीय.