काळा तबकडीचा फोन: आठ महिने रोज वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, हा आमच्या घरचा फोन नव्हे. कोल्हापूरला शाहूपुरीतल्या घरी 1986 साली आला तो टेलिफोन खात्याचा होता. पुढे बटणांचा फोन आला तेव्हा लाइनमन जुना पिशवीत घालून घेऊन गेला. तेव्हा कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट मी खूश होतो, रीडायलचं बटण मिळालं म्हणून.

हा त्याचाच भाऊबंद. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. अडीच हजार सांगितले, सोळाशेला दिला. बंगलोरच्या आयटीआयचा आहे, म्हणजे 1948 साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा. खाली पत्र्यावर तसा ठसा आहे. शेजारीच पितळी शिंगासारख्या रिसीव्हरचे चकचकीत 'अँटिक' फोन मांडले होते. ते घेऊ नका. उचलून बघितलं की कळतं, आत काही नसतं. खरा फोन हातात घेतला की मनगट खाली जातं. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. बॅकेलाइट, म्हणजे जुन्या फोनचं कडक प्लास्टिक, असेल तर दवाखान्यासारखा उग्र वास येतो. आणि तबकडी 0 पर्यंत फिरवून सोडा. परत यायला साधारण एक सेकंद लागला पाहिजे. तबकडी सेकंदाला दहा ठोके पाठवते आणि 0 म्हणजे दहा ठोके, एवढं साधं गणित आहे. माझी तबकडी अडीच सेकंद घेत होती, मध्येच विचारात पडल्यासारखी थांबायची. आतलं वाळलेलं तेल पुसून घड्याळाचं तेल एक थेंब टाकलं, सुधारली.

आता जोडणी. लाइन फायबरची आहे. कंपनीच्या डब्याला मागे फोनचं भोक असतं, त्यात वायर घातली. डायल टोन आला! मी खुर्चीत बसूनच राहिलो. पण नंबर फिरवला तर पलीकडे ढिम्म. डबा फक्त बटणांच्या फोनचे टोन ओळखतो, तबकडीचे ठोके त्याच्या गावी नाहीत. लाइन बघायला आलेल्या मुलाने फोनकडे बघून विचारलं, "सर, हा शोपीस ना?" मग ठोक्यांचे टोन करून देणारी काडेपेटीएवढी पट्टी मागवली. ती फोनच्या पोटात बसते. खर्च फोनपेक्षा जास्त झाला. त्याशिवाय फोन चालला नसता, तेव्हा कुरकुर करत नाही.

रोजच्या वापरातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मोबाइल नंबर. जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करायचा तर आधी 0 लावावा लागतो. म्हणजे अकरा आकडे. मी घड्याळ लावून बघितलं, बहिणीचा नंबर फिरवायला बावीस सेकंद लागतात, कारण तिच्या नंबरात आठ आणि नऊ फार. नवव्या आकड्याला बोट सटकलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरचा पहिला नंबर पाच आकडी होता. तबकडी त्या काळासाठी होती, हे पहिल्या आठवड्यातच बोटाला कळलं.

बँकेचा फोन असेल तर 'एक दाबा, दोन दाबा' जमतं, ती पट्टी करून देते. स्टारसाठी एक फिरवून तबकडी दोन सेकंद तशीच धरून ठेवायची. तोवर पलीकडची बाई 'आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही' म्हणून मोकळी होते. बँकेची कामं मी मोबाइलवरच करतो.

आवाजाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. माइकमध्ये कोळशाची पूड असते. बोलण्याने ती दबते-सुटते आणि त्यातून आवाज जातो. वर्षानुवर्षं पडून राहिली की पूड बसते आणि आपण विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतो. उपाय जुनाच, रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटायचा. अण्णा असं करायचे तेव्हा मला वाटायचं रागाने आपटतात. आपलाच आवाज आपल्या कानात हलकासा ऐकू येतो, त्यामुळे या फोनवर माणूस आपोआप हळू बोलतो. अण्णांचा मुंबईचा ट्रंक कॉल त्याला अपवाद. तो बुक करून दोन-तीन तास वाट बघायची, आणि लागला की अण्णा असे ओरडायचे की मुंबईला नुसतं दारात उभं राहून ऐकू गेलं असतं.

घंटी हा दुःखाचा विषय. शाहूपुरीतली घंटी वाजली की समोरच्या काकू खिडकीत यायच्या. अर्ध्या गल्लीने आमचा नंबर पत्रिकेवर 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून छापला होता, तेव्हा फोन त्यांचाही असण्याची शक्यता अर्धी. मी धावत जाऊन बोलावून आणायचो. काकू पदर सारखा करून, चप्पल बाहेर काढून, रिसीव्हर दोन हातांनी धरायच्या. आम्ही कुणीही आतल्या खोलीत जायचं नाही, कारण तसं केलं तर 'तुमचं खासगी आहे' असं सांगितल्यासारखं होईल, असं आईचं म्हणणं. त्यामुळे गल्लीतली दोन लग्नं जमताना आणि एक मोडताना मी गृहपाठाच्या वहीआडून ऐकलेलं आहे. तर, आताच्या डब्यात ती घंटी जोरात वाजवण्याएवढा दमच नाही. दोन वाट्यांमधली हातोडी कशीबशी हलते आणि किणकिण होते, देवघरात कुणी बाळकृष्णाला उठवावं तशी. वाट्या स्क्रू सैल करून हातोडीजवळ सरकवल्या, तेव्हा दुसऱ्या खोलीत ऐकू येऊ लागली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असेल तर नाही.

आणखी एक. जुना फोन लाइट गेले तरी चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच दोन तारांवरून यायची. अठ्ठेचाळीस व्होल्ट. पावसाळ्यात सगळं शाहूपुरी अंधारात आणि आमचा फोन जिवंत, असं कित्येकदा झालं. आता लाइट गेले की डबा बंद आणि त्याच्याबरोबर हाही. मी डब्याला छोटा बॅकअप लावला. घ्यायचा असेल तर तो खर्च धरूनच घ्या.

फोन घेतला तो खरं तर आईसाठी. तिला मोबाइलच्या पडद्यावर बोट कधी लागतं, कधी लागत नाही. इथे मात्र तिने पहिल्याच दिवशी न बघता नंबर फिरवला. चष्मा डोक्यावर, नजर खिडकीबाहेर, बोट भोकात. फक्त पहिले दोन दिवस ती 0 लावायला विसरायची आणि मग फोनवरच रागवायची. फोनवर तिने क्रोशाचा रुमालही टाकला. तो मी काढला, तिने परत टाकला, आता मी काढत नाही. आईला पुण्यात येऊन बारा वर्षं झाली तरी ती कोल्हापूरच्या बायकांसारखं 'मी आलो, मी जातो'च म्हणते, आणि या फोनवर तर तिची कोल्हापुरी जरा जास्तच सुटते.

आता कुलपाबद्दल. ते मला जुन्या बाजारात फोनबरोबर फुकट मिळालं. तबकडीच्या भोकात बसणारं, बोटाच्या पेराएवढं कुलूप. तरुण वाचकांसाठी सांगतो, ते लावलं की तबकडी फिरत नाही, आलेला फोन घेता येतो, करता येत नाही. आमच्याकडे फोन आल्यावर तिसऱ्या बिलाला अण्णांनी ते आणलं. कॉल फार झाले होते. संशयित मी. चावी त्यांच्या पाकिटात, पाकीट त्यांच्याबरोबर दुकानात.

पण ठोक्यांचा फोन म्हणजे लाइन तोडायची आणि जोडायची, एवढंच. तबकडी जे करते ते रिसीव्हर ठेवतो तिथल्या खटक्याने बोटानेही करता येतं. तीनसाठी तीन टिचक्या, जरा थांबून पुढचा आकडा. शाळेतल्या एका मित्राने शिकवलं. नऊ आणि शून्य अवघड, एक टिचकी रेंगाळली की फोन कट. तरी मी सुट्टीभर कुलूपबंद फोनवरून मित्रांना फोन केले. पुढच्या बिलाला अण्णांनी कुलूप बदललं. त्याच्या पुढच्या बिलालाही कॉल तेवढेच होते, आणि मी तेव्हा आत्याकडे साताऱ्याला राहायला होतो. हे कोडं घरात कधी सुटलं नाही. अण्णा जाईपर्यंत मीटर बिघडलंय असंच म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात तबकडी पुन्हा अडकली, चारच्या पुढे जाईना. मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला आत गेलो. बाहेर आलो तर आई रिसीव्हर कानाला लावून, डाव्या हाताच्या बोटाने खटका मारत होती. टक टक. थांबली. टक टक टक. एकसारखं, तबल्यावर ठेका धरावा तसं. माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. नंबर लागला नाही, ठोके टोनमध्ये बदलणाऱ्या त्या पट्टीला सहाच्या पुढच्या टिचक्या नीट मोजता येत नाहीत, हेही या निमित्ताने नोंदवतो.

मी बघत उभा राहिलेला तिला दिसला.

"शिवाजी पेठेत मावशीला लावायचो की मी असा," ती म्हणाली. "तिचा नंबर सोपा होता, सगळे लहान आकडे."