मोझा आर५: व्हीलपेक्षा टेबलानेच जास्त डोकं खाल्लं

कॉम्प्युटरवर गाड्यांचे गेम खेळायचं हे स्टीअरिंग व्हील, मोझाचं आर५, पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं होतं, आता दिवाळी उलटून गेलीय. वस्तू घरात वापरात राहणार की माळ्यावर जाणार, हे एव्हाना कळतं. राहणार. पण "कुठलं व्हील घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी त्याचं टेबल कसलं आहे ते विचारतो.

आधी माझ्याकडे एक जुनं गिअरवालं व्हील होतं, त्यामुळे तुलना त्याच्याशीच. बाजारात ढोबळ तीन जाती आहेत. लॉजिटेकचं जी२९ २०१५ सालचं. त्यात मोटरचा जोर दातेरी गिअरमधून स्टीअरिंगपर्यंत येतो. थ्रस्टमास्टरच्या टी३००मध्ये हेच काम पट्टा करतो, म्हणून चाल मऊ आणि आवाज कमी. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे काहीच नाही, स्टीअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर. आर५ त्यातलं. जोर ५.५ न्यूटन-मीटर, टी३०० चारच्या आत आणि जी२९ दोनच्या जरा वर.

हा आकडा कागदावर कळत नाही. आर५सोबत येणाऱ्या स्टीअरिंगचा व्यास २८ सेंटीमीटर आहे, म्हणजे पूर्ण जोर लागतो तेव्हा कडेवर साधारण चार किलोचा ओढ बसतो. दहा मिनिटांत दंड भरून येत नाहीत, पण तासाभराच्या रेसनंतर मनगटं बोलतात.

खरा फरक जोरात नाही, बारकाव्यात आहे. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये माझदा एमएक्स-५ ही गाडी घेऊन ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर जा. पहिल्या उतरत्या वळणात जरा जास्त वेगाने घुसलात, की पुढच्या टायरची पकड पूर्ण सुटायच्या किंचित आधी स्टीअरिंग हातात हलकं पडतं. खऱ्या गाडीतही हेच होतं: टायर घसरायला लागला की चाक सरळ करू पाहणारा ओढ पकडीच्या आधी कमी होतो. जुन्या व्हीलवर मधल्या भागात गिअरची ढील होती, त्यात हा इशारा हरवायचा आणि गाडी बाहेर गेल्यावर कारण कळायचं. आता आधी कळतं. मागची बाजू सुटली तर स्टीअरिंग आपणहून उलट्या दिशेला फिरू लागतं. त्याला अडवायचं नाही, बोटांतून सरकू द्यायचं आणि मग धरायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागला, पण एकदा पडलं की गेमपॅडवर परत जाववत नाही.

नवीन घेणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी गेममधला जोर शंभर टक्क्यांवर नेतात. नका नेऊ. मोटरची कमाल गाठली की त्यावरचं सगळं कापलं जातं. लांब वळणात स्टीअरिंग आधीच पूर्ण ताणलेलं असेल, तर त्याच वळणातला कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेचा उंचवटा, हाताला लागतच नाही. असेटो कोर्साच्या पेडल्स ॲपमध्ये फोर्स फीडबॅकची, म्हणजे मोटर हाताला देत असलेल्या जोराची, पट्टी असते, ती लाल व्हायला लागली की समजायचं. ती क्वचितच लाल होईल इतपत जोर खाली आणायचा. दुसरं म्हणजे सरळ रस्त्यावर हात सोडले की डायरेक्ट ड्राइव्ह स्वतःच डावी-उजवी थरथरायला लागतं. घाबरून जाऊ नका, मोझाच्या पिट हाउस सॉफ्टवेअरमध्ये डॅम्पिंग, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, थोडं वाढवलं की शांत होतं. फार वाढवलंत तर सगळंच गुळगुळीत लागतं.

आता टेबल. व्हील टेबलाला आवळायचा क्लॅम्प सोबत येतो आणि तो पकडतो घट्ट. पण माझं डेस्क भुसा दाबून केलेल्या फळीचं, वर सनमायका. प्रत्येक कर्बला मॉनिटर नाचायचा, आणि क्लॅम्पखाली फळीला खळगा पडायला लागला. मोटरने दिलेले बारकावे टेबलच गिळत होतं, मग जास्त पैसे मोजले कशाला? शेवटी सुताराकडून जाड प्लायचे दोन तुकडे कापून आणले, फळीच्या खाली-वर लावून त्यावर क्लॅम्प आवळला, आणि डेस्क भिंतीला टेकवलं. निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

उरलेला निम्मा पायाखाली. स्पार्टेक फरशी, त्यावर पेडल, आणि चाकांची खुर्ची. जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे आणि आपण मागे. पेडल आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी फळी अडकवली आणि खुर्चीच्या जागी साधी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दिसायला गबाळं, काम चोख.

ब्रेकबद्दल एक तांत्रिक गोष्ट. सोबत येणारे एसआर-पी लाइट पेडल दोनच आहेत, क्लच वेगळा घ्यावा लागतो. यातला ब्रेक, पाय किती खाली गेला ते मोजतो. लोड सेलवाला ब्रेक किती जोर लावला ते मोजतो, आणि पायाला अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो. लॅप टाइम हवा असेल तर माझ्या मते आणखी महागड्या स्टीअरिंगवर उडी मारण्याआधी अशा ब्रेकवर पैसे घाला. मी सध्या स्प्रिंग कडक करणारं किट बसवून भागवतोय.

वडील युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतात, स्टीअरिंग ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे, फिरेल असं लावून. त्यांच्या मते हे पॉवर स्टीअरिंग नसलेल्या मेटॅडोरसारखं आहे, आणि ते कौतुकाने म्हणतात. भाचा येतो तेव्हा मात्र जोर निम्म्यावर आणतो आणि अंगठे स्टीअरिंगच्या आत घालू नकोस असं बजावतो. गेममध्ये भिंतीला धडकलात की चाक झटक्यात फिरतं.

प्लेस्टेशनवाल्यांनी मात्र हे घेऊ नये, हे पीसीसाठी आहे. ग्रॅन टुरिस्मो ७ खेळायचं असेल तर जी२९, टी३००, नाहीतर फॅनाटेकचं ग्रॅन टुरिस्मो डीडी प्रो बघा. आणि भाड्याच्या घरात, डायनिंग टेबलावर दर वेळी लावून काढणार असाल, तर हलकं गिअरवालं किंवा पट्ट्याचं बरं. आर५चा बेस (मोटरचा डबा), पेडल, वायरी आणि ॲडॅप्टर रोज उचलून ठेवायचा उत्साह महिनाभरही टिकत नाही.