एचसीआयचा प्रकल्प: विषय आपण द्यायचा, की प्रश्न विद्यार्थ्यांनी शोधायचा?

मानव-संगणक संवाद, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं एचसीआय, पहिल्यांदाच शिकवायला घेतलं असेल तर सत्राचा आराखडा करताना एका ओळीवर हात थांबतोच: प्रकल्पाचं काय करायचं? प्रकल्प हवा, यावर फारसा वाद नसतो. नुसती व्याख्यानं आणि लेखी परीक्षा घेतली तर विद्यार्थी इंटरफेस कसा असावा हे सांगणारी निल्सनची दहा तत्त्वं घडाघडा लिहून देतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ॲपमध्ये त्यांतली सहा मोडतात. तो पर्याय इथेच सोडून देऊ.

खरी निवड आहे दोन प्रकारांत. एक, ठरलेल्या विषयाचा प्रकल्प: काय बनवायचं ते शिक्षक सांगतो, गट ते बनवून दाखवतो. दुसरा, शोधप्रकल्प: गट आधी माणसांकडे बघतो, प्रश्न पकडतो, पुरावा गोळा करतो आणि काही बनवायची गरज आहे का, हे त्यानंतर ठरवतो. मी दोन्ही प्रकार वर्गात वापरले आहेत. माझा कल शोधप्रकल्पाकडे आहे, पण मोकाट सोडलेल्या नव्हे.

एकच जागा, दोन प्रकल्प

समजा, जागा आहे विद्यापीठाचं ग्रंथालय. ठरलेला विषय असा असेल: 'पुस्तक शोधण्याच्या पानाची पुनर्रचना करा.' गट पहिल्या आठवड्यात रंग आणि फॉन्ट निवडतो, चौथ्या आठवड्यात स्क्रीन तयार असतात, दहाव्या आठवड्यात पाच मित्रांना बसवून चाचणी होते. मित्र म्हणतात, छान आहे. काम वेळेत पूर्ण होतं, सादरीकरण देखणं होतं.

शोधप्रकल्पात सुरुवात एका खटकलेल्या गोष्टीपासून होते: कॅटलॉगचा संगणक समोर असताना लोक थेट काउंटरवर का जातात? गट दोन-तीन दुपारी तिथे बसून नुसतं पाहतो. कदाचित दिसेल की लोकांना पुस्तक सापडतंय, पण संगणक एका टोकाला आणि कपाटं दुसऱ्या टोकाला असल्यामुळे वाटेत क्रमांक विसरतो. कुणी तो तळहातावर लिहून घेतंय, कुणी फोनवर फोटो काढतंय. म्हणजे अडचण पानाच्या रचनेत नव्हतीच. पहिला गट सत्रभर जे पान सुंदर करत बसला, त्या पानाचं फारसं काही बिघडलेलंच नव्हतं.

आपला अंदाज चुकला होता हे स्वतःच्या टिपणवहीत सापडणं, हा अनुभव ठरलेल्या विषयात सहसा मिळत नाही, कारण तिथे अडचण काय आहे हे शिक्षकाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. एचसीआयमध्ये मला तरी याहून महत्त्वाचं काही शिकवायचं नसतं.

पद्धती कुठे पक्क्या होतात?

इथे ठरलेल्या विषयाची बाजू दिसते तितकी कमजोर नाही. कागदी प्रोटोटाइप (कागदावरचा कच्चा नमुना), तत्त्वांवर आधारित परीक्षण, मोठ्याने विचार करायला लावून घेतलेली चाचणी ही सगळी हाताने करून शिकायची कसबं आहेत. विषय ठरलेला असला की प्रत्येक गट प्रत्येक पद्धत एकदा तरी वापरतो. शोधप्रकल्पात एखादा गट मुलाखतींतच रमतो आणि चाचणीपर्यंत पोचतच नाही.

उलट, पद्धतीच्या मर्यादा शोधप्रकल्पातच कळतात. 'पाच वापरकर्ते पुरतात' हे वाक्य घ्या. निल्सन आणि लँडॉअर यांच्या १९९३ च्या गणितावर ते उभं आहे: एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत असेल, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. पण हेच प्रमाण १० टक्के धरून गणित करा, पाच जणांत जेमतेम ४१ टक्के हाती लागतात. ठरलेल्या प्रकल्पात हे वाक्य अहवालात चिकटवलं जातं आणि कुणी विचारत नाही. स्वतःचा प्रश्न असलेल्या गटाला मात्र कधीतरी विचारावंच लागतं, की आपण अडचणी शोधतोय की काही मोजतोय. मोजायचं असेल तर पाच जण कुठेच पुरत नाहीत. एसयूएस या, वापरायला किती सोपं वाटलं हे विचारणाऱ्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीचंही तसंच. ६८ गुण आले की विद्यार्थी '६८ टक्के लोकांना आवडलं' असं खुशाल लिहितात. तो आकडा टक्केवारी नसतो, साधारण सरासरीच्या आसपासचा गुण असतो.

संशोधन काय म्हणतं

दोन्ही बाजूंचे लोक आपापला पुरावा पुढे करतात, म्हणून थोडं सावध राहा. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्यावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. पारंपरिक व्याख्यानांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के निघालं. हा व्याख्यानाविरुद्धचा पुरावा आहे. आपल्या दोन प्रकल्पांमधली निवड त्यावरून होत नाही. दुसरीकडे कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये बजावलं होतं, की कमी मार्गदर्शनात नवशिक्याच्या स्मृतीवर ताण पडतो आणि शिकणं बाजूला राहतं. पुढच्याच वर्षी ह्मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिलं: चांगल्या शोधाधारित शिक्षणात मार्गदर्शन कमी नसतंच, उलट भरपूर आधार दिलेला असतो. मला दोघांचंही पटतं.

बँची आणि बेल यांनी २००८ मध्ये शालेय विज्ञानासाठी चार पायऱ्यांची शिडी मांडली. पहिल्या पायरीवर प्रश्न, पद्धत, उत्तर सगळं माहीत. दुसरीवर प्रश्न आणि पद्धत दिलेली. तिसरीवर फक्त प्रश्न. चौथीवर सगळं विद्यार्थ्याचं. म्हणजे प्रश्न अगदी शेवटी हाती येतो. एचसीआयमध्ये मी हा क्रम उलटा करतो: प्रश्न लवकर त्यांच्या हाती, पद्धती मात्र बराच काळ माझ्या. क्षेत्र मी देतो (ग्रंथालय, वेळापत्रक, छपाईयंत्र, काहीही), कोणत्या आठवड्यात निरीक्षण आणि कोणत्या आठवड्यात चाचणी तेही मीच ठरवतो. प्रश्न त्यांचा. पहिल्या पायरीचा उपयोग सरावापुरता होतो: लक्ष्यापर्यंत हात किंवा कर्सर न्यायला किती वेळ लागतो, हे सांगणारा फिट्सचा १९५४ चा नियम एका तासाच्या प्रात्यक्षिकात पडताळून पाहता येतो. लक्ष्य लांब आणि लहान होत गेलं की वेळ वाढतो, अंतर आणि आकार यांवरून काढलेल्या काठिण्यांकासमोर वेळ मांडला तर आलेख जवळपास सरळ रेषेत येतो, आणि मोजमाप म्हणजे काय ते समजतं.

तुमचे तास मोजा

निर्णय बहुतेकदा इथेच होतो, आणि नेमकं हेच कुणी आधी सांगत नाही. साठ विद्यार्थी, चौघांचा गट, म्हणजे पंधरा गट. शोधप्रकल्पात दर आठवड्याला प्रत्येक गटाला वीस मिनिटं द्यावीच लागतात: आठवड्याचे पाच तास, व्याख्यानं सोडून. १२० विद्यार्थी असतील तर दहा. ठरलेल्या विषयात सगळ्यांच्या चुका एकसारख्या असतात, त्यामुळे अर्धं मार्गदर्शन वर्गातच एकदम उरकतं.

शिवाय माणसं मिळवायला वेळ लागतो. संमतीपत्र हवं, चित्रीकरण करणार असाल तर त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. लहान मुलं किंवा रुग्ण यांच्यावरचे प्रश्न मी पहिल्याच बैठकीत नाकारतो; नैतिक मंजुरी येईपर्यंत सत्र संपून जाईल.

गुण कशाला?

ठरलेल्या प्रकल्पाचं मूल्यमापन सोपं, कारण सगळ्यांची तुलना होते. शोधप्रकल्पात अंतिम स्क्रीनला गुण ठेवलेत की सगळा खटाटोप वाया गेला म्हणून समजा. विद्यार्थी गुणांचा वास अचूक घेतात आणि तिसऱ्या आठवड्यातच फॉन्ट निवडायला बसतात. मी गुण देतो प्रश्न कसा बदलत गेला त्याला, कच्च्या टिपणांना आणि 'आमचं हे चुकलं' या पानाला. तारखा घातलेली कच्ची टिपणं सक्तीची ठेवा. न घेतलेल्या मुलाखतींचा गुळगुळीत अहवाल हल्ली कुणीही दहा मिनिटांत तयार करवून घेऊ शकतो. व्हायवात एका वापरकर्त्याबद्दल तीन प्रश्न विचारले की खरं-खोटं कळतं. गटातल्या ऐतखाऊंचा बंदोबस्तही त्याच व्हायवात होतो.

मग घ्यायचं काय?

पूर्ण सत्र हाताशी असेल, गट पंधरा-वीसच्या आत असतील आणि विद्यार्थ्यांनी आधी एखादा तरी इंटरफेस बनवलेला असेल, तर क्षेत्र तुमचं आणि प्रश्न त्यांचा असा शोधप्रकल्प घ्या. पहिले चार आठवडे पद्धतींना द्या, सहाव्या आठवड्यापर्यंत प्रश्न मंजूर करा. त्यानंतर प्रश्न बदलायची मुभा ठेवा, पण लेखी कारण मागा.

सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रम असेल, शंभरावर विद्यार्थी असतील आणि मदतीला सहायक नसतील, तर ठरलेला विषयच घ्या, आणि त्यात एक बदल करा: पहिल्या दोन आठवड्यांत काहीही बनवायला बंदी घाला, फक्त निरीक्षण. दोन आठवड्यांनी एखादा गट येऊन म्हणाला, 'सर, तुम्ही दिलेला विषयच चुकलाय', तर त्याला विषय बदलू द्या.