पाच तासांचा क्लास आणि आठ महिन्यांची गाडी

आमच्या घरात ६,००० हॉर्सपॉवरचं इंजिन चालवणारा माणूस आहे, पण चारचाकी कुणालाच येत नव्हती. मिस्टर भुसावळला मालगाडीवर लोको पायलट. त्यांचं म्हणणं, रुळावर गाडी आपली आपण वळते, स्टिअरिंगची भानगड आता या वयात कोण करणार. माझ्या भावाने नवी गाडी घेतली आणि जुनी वॅगनआर आम्हाला दिली, ती महिनाभर दारात कव्हर घालून उभी होती. शेवटी ४३व्या वर्षी मीच क्लास लावला. गेल्या एप्रिलची गोष्ट. जूनमध्ये लायसन्स आलं, आता फेब्रुवारी चालू आहे. आठ महिने जवळजवळ रोज गाडी चालवल्यावर क्लासबद्दल, टेस्टबद्दल आणि क्लासने जे शिकवलंच नाही त्याबद्दल लिहिते आहे. क्लासचं नाव देत नाही, कारण आजूबाजूला चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी हाच प्रकार दिसला. पाचपैकी मार्क द्यायचे तर अडीच.

क्लासवाल्याने सांगितलं, २० दिवस, ५,५०० रुपये. मी खूश. गाडीत रोज आम्ही तिघं असायचो, एक चालवणार, दोघं मागे बसून बघणार. बघूनही शिकता येतं म्हणे. सकाळी ६ची बॅच, कारण एप्रिलात भुसावळमध्ये ११ नंतर स्टिअरिंगला हात लावून दाखवा. मला सवय आहे किराणाच्या वहीत सगळं लिहायची, तशी रोजची मिनिटं लिहीत गेले. कधी १२, कधी १८, एकदा मास्तरांचा फोन चालू होता म्हणून २५. वीस दिवसांची बेरीज पाच तासांच्या आसपास आली. नंतर कळलं की केंद्रीय मोटार वाहन नियमात हलक्या वाहनाच्या क्लाससाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास लिहिलेले आहेत. म्हणजे दिवस जवळपास पुरे झाले होते, तास निम्मेच. क्लासच्या बोर्डावर दिवस का लिहितात आणि तास का नाही, ते मला त्या दिवशी समजलं. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा: गाडीत किती जण, आणि माझ्या हातात स्टिअरिंग एकूण किती तास. उत्तर कागदावर मागा. कागद म्हटला की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरी गोष्ट मला नवव्या दिवशी कळली. क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो, नियमानेच असावा लागतो, आणि तो असलाच पाहिजे. पण नऊ दिवस मला वाटत होतं की माझा हात बसला. गाडी बंद पडत नाही, झटके देत नाही, वळणावर आपोआप हळू होते. त्या दिवशी वळताना सहज डावीकडे नजर गेली तर मास्तरांचा गुडघा खाली-वर होत होता. गाडी ते चालवत होते, मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते. मी म्हटलं, "मास्तर, आज मांडी घालून बसा." ते हसले. धुळ्याकडचे आहेत, बोलणं सगळं अहिराणीत. "कसाले घाबरतस ताई, मी शे ना," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही आहात हीच तर अडचण आहे. बसले बिचारे मांडी घालून. पुढच्या शंभर पावलांत गाडी चार वेळा बंद पडली. मागून दूधवाला हॉर्न वाजवत होता आणि मला रडू येत होतं. पण खरं शिकायला मी त्या दिवसापासून लागले.

हाफ क्लच हा शब्द सगळे तोंडावर फेकतात, तो सापडायचा कसा ते कुणी सांगत नाही. मला असा सापडला. सपाट जागेवर पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच इतका हळू सोडायचा की घरातल्यांना कंटाळा यावा. टाच जमिनीला टेकलेली ठेवायची, पाय हवेत ठेवला की थरथरतो. एका जागी इंजिनचा आवाज बसका होतो आणि गाडी थंडी वाजल्यासारखी किंचित थरथरते. तिथे पाय थांबवायचा. गाडी आपली आपण मुंगीसारखी चालायला लागते. गावाबाहेर एक प्लॉट पाडलेला लेआउट आहे, अजून एकही घर नाही, तिथे दोन रविवार मी फक्त एवढंच केलं. भाऊ फैजपूरहून येऊन शेजारी बसायचा. लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस लागतो, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लागतो, १८ सेंटिमीटरच्या चौकोनात. मिस्टरांना मागच्या सीटवर बसवलं होतं. रेल्वेचं लायसन्स इथे चालत नाही, असं भावाने त्यांना ऐकवून घेतलं.

लर्निंगचं फार काही नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर आधार जोडून घरबसल्या होतं. १५ प्रश्न, ९ बरोबर यायला हवेत. गोल पाटी म्हणजे आज्ञा, त्रिकोण म्हणजे सावधान, चौकोन म्हणजे माहिती, एवढं डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न सुटतात. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, नमुना १ए. लर्निंग ६ महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांच्या आत देता येत नाही. सरकारी फी एका प्रकारच्या गाडीला लर्निंगची १५० आणि त्याच्या परीक्षेची ५०, पक्क्याच्या टेस्टची ३०० आणि लायसन्सची २००, वर थोडं इकडचं तिकडचं. हे आकडे मुद्दाम लिहिले. क्लासवाल्याने 'लायसन्ससकट' म्हणून माझ्याकडे वरचे साडेतीन हजार मागितले होते. मी दिले नाहीत, मुलीने मोबाइलवर अर्ध्या तासात फॉर्म भरला.

टेस्टची तारीख मे महिन्याच्या मध्यावर जळगावची मिळाली. पहिल्यांदा मी नापास झाले, हे सांगायला लाज वाटत नाही. चढावर गाडी थांबवायची होती आणि मागे न सरकता पुन्हा पुढे न्यायची होती. क्लासच्या गाडीत हे मला छान यायचं. का यायचं ते वर लिहिलंच आहे, मास्तरांचा गुडघा. टेस्टला ब्रेक सोडला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबायला उशीर झाला आणि गाडी हातभर मागे. शेजारचे टेस्ट घेणारे साहेब काही बोलले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं. उतरल्यावर फक्त म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदाही आरशात बघितलं नाही." चढ राहिला बाजूला. गाडी सुरू केल्यापासून थांबेपर्यंत मी समोरची काच सोडून कुठेच बघितलं नव्हतं. क्लासमध्ये मास्तरच मागचं बघायचे आणि सांगायचे, "चला, मोकळं आहे."

नापास झाल्यावर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर मग ६० दिवस थांबावं लागतं. माझ्याकडे आठवडा होता. चढ दोन संध्याकाळींत जमला. भावाबरोबर यावल रोडला अंजाळ्याच्या घाटात गेले, गर्दी नसताना, रस्त्याच्या कडेला घेऊन. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच त्या थरथरीच्या जागेपर्यंत, बोनेट किंचित वर उचललं गेलेलं दिसलं की मग हँडब्रेक खाली. क्लच सोडायची घाई केली तर बंद पडते, मागे जात नाही. बंद पडणं परवडतं.

आरशाचा प्रश्न मात्र मिस्टरांनी सोडवला, ज्यांना गाडी येत नाही त्यांनी. इंजिनमध्ये लोको पायलट आणि असिस्टंट समोरचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरी तोंडाने म्हणायचाच. ते म्हणाले, डोळे बघतात पण लक्ष नसतं, तोंडाने म्हटलं की लक्ष द्यावंच लागतं. मग घरी जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसून, हातात ताट धरून, मी सराव केला: आतला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, मान, गिअर. ते मागच्या खुर्चीत असिस्टंट. मी विसरले की ते "सिग्नल?" असं ओरडायचे. मुलीने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पण दुसऱ्या टेस्टला मी साहेबांच्या शेजारी बसून चक्क तोंडाने म्हणत गेले, आतला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, मान. ते जरा चमकून बघायला लागले. मग चढावर थांबवलं, काढलं, रिव्हर्स घ्यायला सांगितलं, तिथे "मागची काच, डावा आरसा" झालं. "बस, उतरा" म्हणाले. पास. अजूनही गाडीत एकटी असले की मोठ्याने म्हणते, आणि सिग्नलला शेजारचे बाइकवाले बघत राहतात.

टेस्टच्या दिवशीचं दोन ओळींत. तासभर आधी जा आणि सावलीत उभं राहून दुसऱ्यांच्या टेस्ट बघा, कुठे चुकतात ते डोळ्यांना दिसतं. आणि बसल्या बसल्या बेल्ट लावा. माझ्या पुढचा मुलगा उत्तम चालवत होता, बेल्टच विसरला. बिचाऱ्याला सुरुवातच करू दिली नाही.

आता आठ महिन्यांत काय झालं ते.

क्लासमध्ये आम्ही तिसऱ्या गिअरच्या वर कधी गेलोच नाही. लायसन्स आल्यावर पहिल्यांदा मुलीला जळगावला कॉलेजला सोडायला निघाले आणि सर्व्हिस रोडवरून हायवेला लागायचं म्हणताना हातपाय गळाले. ५३ नंबरचा हायवे, मागून कंटेनर येतोय, आणि मी २०च्या स्पीडने आत शिरायला बघतेय. मुलगीच म्हणाली, "आई, एवढ्या हळू शिरलीस तर तोच आपल्यावर येईल." बरोबर होतं तिचं. आधी सर्व्हिस रोडवरच स्पीड घ्यायचा, आरशात जागा बघायची आणि मग जायचं. हे एकदा जरी क्लासमध्ये करून घेतलं असतं तर माझा तो पहिला महिना वाचला असता.

रात्रीचंही तसंच, सगळे क्लास उजेडात. दिवाळीनंतर फैजपूरहून अंधारात परतताना पहिल्यांदा कळलं की समोरून अप्परवर, म्हणजे दिव्याचा झोत वर ठेवून येणाऱ्या ट्रकपुढे आपल्याला काहीच दिसत नाही. भावाने शिकवलं होतं, त्या दिव्याकडे बघायचं नाही, डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवायची आणि स्पीड कमी करायचा. त्यापेक्षा भीती मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची वाटते. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, केळीच्या घडांनी भरलेली, आणि ती चालू आहे की उभी आहे ते जवळ जाईपर्यंत कळत नाही. आमच्या पट्ट्यात गाडी शिकवणाऱ्याने हा एक धडा वेगळा ठेवायला हवा.

एक फजितीही सांगते. माहेराहून एकटीने पहिल्यांदा येत होते. आईने डिकीत भरताची वांगी, केळी आणि एक मोठं गंगाफळ ठेवलं होतं. तापीच्या पुलाच्या अलीकडे ब्रेक मारला आणि मागून धाडकन आवाज आला. मी म्हटलं, संपलं, इंजिन पडलं. गाडी बाजूला घेतली, हजार्ड लाइट लावले, भावाला फोन. तो म्हणाला, "इंजिन पुढे असतं गं, डिकी उघडून बघ." गंगाफळ. उरलेला रस्ता ते सीटच्या मागे पायपुसण्यात गुंडाळून आणलं.

गाडीवर दोन ओरखडे आहेत, दोन्ही आमच्याच गेटचे. रिव्हर्स अजून माझं कच्चं आहे. लेआउटवर चार विटा उभ्या करून सराव करते, विटा पडतात पण दरवाजा वाचतो. पेट्रोलपंपावर टाकी नेहमी माझ्या उलट्या बाजूला येते, त्याचं काय करायचं ते अजून समजलं नाही.

मुलगी डिसेंबरमध्ये १८ची झाली. माझं लायसन्स १० वर्षांचं आलं, तिला आता काढलं तर चाळिशीपर्यंत चालेल. गेल्या आठवड्यात तिचं लर्निंग आलं म्हणून परत त्याच क्लासला चौकशीला गेले. म्हटलं, १० तास लिहून द्या आणि गाडीत दोघंच, ती आणि मास्तर, पैसे जास्त घ्या. मालक म्हणाले, "ताई, असं कुणी देत नाही, २० दिवस पुरतात." मास्तर बाहेर गाडी पुसत होते. मला बघून मांडी घातल्याची खूण केली आणि हसले. मालकांनी लिहून दिलं नाही. उद्या दुसरीकडे विचारायला जाणार आहे, मिस्टरही येतो म्हणालेत. स्वतःसाठी विचारायचंय की मुलीसाठी, ते अजून सांगितलेलं नाही.