स्पॅनिशचे भूतकाळ: काही महिने वापरल्यावर

इंदेफिनिदो (एकदा घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ) आणि इम्पेर्फेक्तो (सवयीच्या किंवा चालू असलेल्या गोष्टीचा भूतकाळ) यांतला फरक म्हणजे स्पॅनिशचा सगळ्यात अवघड भाग, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. काही महिने रोज बोलण्या-लिहिण्यात वापरल्यावर माझं मत वेगळं आहे. मराठी माणसाने ही भीती मनावर घेऊच नये. ‘लहानपणी आम्ही नदीवर जायचो’ आणि ‘काल आम्ही नदीवर गेलो’ यांत आपली कधी गल्लत होते का? पहिलं ‘ईबामोस’, दुसरं ‘फुइमोस’. ‘ती वाचत होती, तेवढ्यात फोन वाजला’ यातलं वाचणं इम्पेर्फेक्तो, वाजणं इंदेफिनिदो. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. ती खुशाल उलटा.

इम्पेर्फेक्तो तर अगदीच गुणी. सेर (असणे), इर (जाणे) आणि वेर (पाहणे), अनियमित क्रियापदं एवढीच. घाम फुटतो तो इंदेफिनिदोच्या रूपांनी: तेनेरचं (जवळ असणे) ‘तूवे’, आसेरचं (करणे) ‘ईसे’, देसीरचं (सांगणे) ‘दीखे’. घोकण्याला पर्याय नाही. सेर आणि इर या दोघांचंही ‘फुई’च होतं, पण संदर्भामुळे अडत नाही. कान मात्र तयार हवा. ‘आब्लो’मध्ये जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘लो’वर दिला तर ‘तो बोलला’.

एक सुख कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडे पत्र वाचलं, चिठ्ठी वाचली, कागद वाचला. तिथे सगळ्याला एकच ‘लेई’ (मी वाचलं), वाचणारा पुरुष असो की बाई.

काही क्रियापदांचा अर्थच काळाबरोबर सरकतो, आणि मला सगळ्यात मजा तिथेच आली. ‘साबीआ’ म्हणजे मला माहीत होतं, ‘सूपे’ म्हणजे मला कळलं. ‘नो केरीआ’ म्हणजे इच्छा नव्हती. ‘नो कीसे’ म्हटलंत की तुम्ही चक्क नकार दिलात. तक्त्यांवर तक्ते घोकून घेणाऱ्या माझ्या अ‍ॅपमध्ये याचा पत्ताच नव्हता.

राहिला तिसरा भूतकाळ, ‘ए आब्लादो’वाला (‘मी बोललो आहे’ या धर्तीचा). आज सकाळी बोललो हे माद्रिदमध्ये असं सांगतील. मेक्सिकोत किंवा ब्यूनोस आयर्समध्ये सरळ इंदेफिनिदोतलं ‘आब्ले’. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांशीच बोलायचं असेल, तर हा काळ नुसता ओळखता आला तरी सुरुवातीला भागतं. आधी इंदेफिनिदो पक्का करा.